जुन्या गाडीत डाव्या सीटच्या पायाशी साचणारं पाणी: दोनदा बुजवलं, तिसऱ्यांदा सापडलं

लक्षण आधी सांगते. पुढच्या डाव्या सीटच्या पायाशी रबरी मॅट उचलली की खालचं कार्पेट ओलं. तळहाताने दाबलं की बोटांच्या मधून पाणी वर येतं. सकाळी काचा आतून धुरकटलेल्या आणि दार उघडल्याबरोबर न वाळलेल्या गोधडीचा वास. पुसून, पंखा लावून, ऊन दाखवून गाडी चार दिवस बरी राहते, पाचव्या दिवशी पुन्हा तेच.

माझी गाडी २०१६ ची पेट्रोल हॅचबॅक. एप्रिल २०२४ मध्ये कोल्हापुरात थेट मालकाकडून घेतली आणि आंबा घाटाने रत्नागिरीला आणली. इंजिनचा आवाज ऐकला, क्लच पाहिला, टायरवरची तारीख वाचली, सगळं केलं. पाणी ओतून बघायचं मात्र डोक्यातही आलं नाही. गळती हुडकायला एप्रिलइतका वाईट महिना नाही, कारण तेव्हा सगळ्याच गाड्या ठणठणीत कोरड्या असतात. आमच्या रत्नागिरीत वर्षाला ३,००० मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो आणि मी गाडी घेतली ती कडक उन्हात उभी असलेली. एक बादली पाणी आणि दहा मिनिटं, एवढंच लागलं असतं.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, दवाखान्यात नेत होते. जयस्तंभापाशी आलो तर म्हणाले, "बाय, पायाखाली गार लागतंय गो." मला वाटलं त्यांच्याच छत्रीचं पाणी असेल. संध्याकाळी मॅट उचलली तेव्हा कळलं की छत्रीत एवढं पाणी मावत नाही.

पुराची गाडी तर गळ्यात पडली नाही ना?

कोल्हापूरची गाडी आणि आत पाणी, म्हटल्यावर पोटात गोळा आला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये कोल्हापूर-सांगलीकडे पूर आला होता, आणि २२ जुलै २०२१ ला आमच्याच जिल्ह्यात चिपळूण वाशिष्ठीच्या पाण्याखाली होतं. पुरात बुडालेल्या गाडीचा दुरुस्तीखर्च विम्यातल्या जाहीर किमतीच्या ७५ टक्क्यांपुढे गेला की कंपनी ती गाडी पूर्ण नुकसानीत धरते. मग तिचा सांगाडा लिलावात जातो. तो विकत घेऊन, धुऊन-पुसून पुन्हा रस्त्यावर आणणारे लोक आहेतच.

पण पूर आणि गळती यांत एक ढोबळ फरक आहे. पुराचं पाणी गाडीत सगळीकडे सारखं चढतं, गळती एका कोपऱ्यात असते. म्हणून मी ओला कोपरा सोडून बाकीची गाडी तपासली. चारही सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बाहेर काढले. बेल्टचा जो भाग एरवी गुंडाळलेला असतो तो कुणी धूत नाही, तिथे मातकट रेघ किंवा डाग राहतो. मग सीटखालच्या रुळांचे बोल्ट, डॅशबोर्डच्या पोटातल्या रंग न दिलेल्या पत्र्याच्या पट्ट्या, डिकीतला स्पेअर चाकाचा खड्डा. डाव्या सीटच्या पुढच्या दोन बोल्टांवर ताजा तांबूस गंज होता, बाकी सगळं स्वच्छ. गाळाचा कण नाही.

कागदांमध्येही एक खूण सापडते, ती फारसं कुणी पाहत नाही. आधीच्या मालकाच्या विम्यावर नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, किती टक्के आहे ते बघा. पहिल्या क्लेमविरहित वर्षानंतर २० टक्क्यांपासून सुरू होऊन तो लागोपाठ पाच वर्षांनी ५० टक्क्यांवर जातो आणि स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम घेतला की एरवी शून्यावर येतो. माझ्या गाडीच्या डिसेंबर २०२३ च्या पॉलिसीवर ५० टक्के होता, म्हणजे दोन्ही पुरांच्या वर्षांत त्या मालकाचा क्लेम नाही. फक्त थर्ड पार्टी विमा असलेल्या गाडीला हा पुरावा मिळत नाही, आणि कुणी खिशातून पैसे घालून दुरुस्त केली असेल तरी नाही. त्यामुळे कागद आणि बोल्ट दोन्ही बघायचे.

आमच्या आळीतल्या फिटरनेही खाली वाकून एकदा टॉर्च मारला आणि म्हणाला, "ताई, पुराची नाय ही. पुराची असती तर बोल्टच बोलले असते." एवढं ऐकून मी निश्चिंत झाले, ते मात्र जरा लवकरच.

सिलिकॉनचे दोन हप्ते

फिटरचं निदान: पुढच्या काचेचं खालचं सील गेलंय. त्याने काचेच्या कडेने सिलिकॉनची जाड रेघ ओढली. चार दिवस गाडी कोरडी. मी दुकानदारांना आणि शेजाऱ्यांना कौतुकाने सांगूनही टाकलं. पाचव्या दिवशी पाणी. त्याने वायपरच्या बाजूला आणखी एक थर दिला. पुन्हा तीन दिवस कोरडी, पुन्हा पाणी.

दुसऱ्यांदा असं झालं तेव्हा लक्षात आलं की ते 'कोरडे' चार दिवस पावसाने उघडीप दिली होती. सिलिकॉनचा त्यात काडीचा हात नव्हता.

तेव्हापासून मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाच्या खाली, रोज तीन अक्षरं लिहायला लागले. पाऊस पडला तर 'पा', एसी लावला तर 'ए', कार्पेट ओलं असेल तर 'ओ'. रोज रात्री मॅटखाली कोऱ्या वर्तमानपत्राची एक घडी ठेवायची आणि दुसऱ्या रात्री काढून बघायची. बारा दिवसांनी पाहिलं तर कोडं समोरच होतं. काही दिवस पाऊस नाही, एसी आहे, आणि कागद ओला. काही दिवस एसी नाही, पाऊस आहे, आणि तरीही ओला. कोरडा कागद फक्त दोन्ही नव्हतं त्या दिवशी.

म्हणजे एकाच जागी पाणी दोन वाटांनी येत होतं. एक वाट बुजवली असती तरी दुसरीमुळे आपलं निदान चुकलं असंच वाटलं असतं. तुमचीही गाडी 'दुरुस्त करूनही' पुन्हा भिजत असेल तर आधी ही वही ठेवा, मग पैसे खर्च करा.

पहिली वाट: एसीची नळी

एसी चालू असताना डॅशबोर्डच्या पोटात जी थंड जाळी असते तिच्यावर हवेतली वाफ धरते, थंडगार तांब्याला बाहेरून पाणी सुटतं तशी. कोकणातल्या दमट हवेत तासाभराच्या प्रवासात बाटलीभर पाणी सहज होतं. ते एका रबरी नळीतून गाडीखाली पडायला हवं. नळी तुंबली की ते खोक्यात साचतं आणि शेवटी पायाशी सांडतं. आपल्याकडच्या छोट्या गाड्यांत हे खोकं डॅशबोर्डच्या मध्याला किंवा ग्लोव्हबॉक्सच्या मागे असतं, म्हणून भिजतो तो बहुधा डावीकडचा माणूस.

तपासणी फुकट आहे. दमट दिवशी कोरड्या जमिनीवर गाडी उभी करून वीस मिनिटं एसी पूर्ण चालवा आणि खाली बघा. पुढच्या चाकांच्या जरा मागे थेंब थेंब पाणी पडायलाच हवं. माझ्या गाडीखाली लादी कोरडी होती. गाडीखालून पाणी टपकतंय म्हणून घाबरणारे लोक मी पाहिलेत. घाबरायचं असतं ते टपकत नाही तेव्हा.

नळीचं तोंड इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातून बाहेर येतं. फिटरने गाडी वर घेतली तेव्हा तोंडाशी लिंबाएवढा मातीचा गोळा दिसला. कुंभारीण माशीने घर बांधलं होतं, एप्रिल-मेमध्ये एसीला पाणी कमी सुटत असताना तिला जागा सापडली असणार. त्याने मातीचं घर बोटाने फोडलं आणि आत स्कूटरच्या ब्रेकची जुनी तार घालायला निघाला. त्याला थांबवलं. आत काही इंचांवर एसीची नाजूक जाळी असते, तारेचं टोक तिला लागलं तर शंभर रुपयांचं काम हजारोंवर जातं. मासे पाळायच्या टाकीची मऊ पारदर्शक नळी घेतली, हळूच आत सरकवली आणि पंक्चरवाल्याकडची हवा अगदी मंद सोडली. आधी फुर्र, मग काळपट पाणी भसकन त्याच्या शर्टावर आलं. जवळजवळ दोन लिटर असेल.

त्यानंतर बिनपावसाच्या दिवशी कागद कोरडा राहायला लागला. कॅलेंडरवरचा अर्धा हिशेब मिटला.

दुसरी वाट: शोधायला लागलेले तीन रविवार

पावसाचं पाणी शोधताना माझी पहिली चूक अशी की मी छतावरून पाइप सोडला. छतावरून पाणी सोडलं की सगळंच भिजतं आणि काहीच कळत नाही. अण्णा पडवीत बसून बघत होते. म्हणाले, "कौल वर फुटलेलं असतं आणि ठिबकतं खाली भलतीकडे. पाणी वाशावरून चालत जातं." मग त्यांनीच सांगितलं ते केलं: खालून वर. मी आत टॉर्च घेऊन बसायची, भाचा बाहेर. पाइपला जोर नको, झारीसारखी धार हवी. आधी चाकाच्या कमानीत पाच मिनिटं, मग दाराचा खालचा भाग, मग दाराची काच, मग वायपरखालची काळी जाळी, मग पुढची काच, शेवटी छत. प्रत्येक ठिकाणी पाच मिनिटं थांबायचं, कारण पाण्याला आतून वाट काढत यायला वेळ लागतो.

पहिल्या रविवारी माझा संशय वायपरखालच्या जाळीवर होता. जाळी काढली तर खाली गुलमोहराच्या बारीक पानांचा ओल्या चहापत्तीसारखा थर, अर्धी बादली. तिथलं पाणी दोन्ही बाजूंच्या भोकांतून चाकांमागे उतरतं. भोकं तुंबली की पातळी वाढून पाणी पंख्याच्या तोंडातून थेट आत येतं. भोकं मोकळी केली, तांब्या तांब्या पाणी ओतलं, दोन्हीकडून खळखळून खाली गेलं. मी ठरवून टाकलं की झालं! मंगळवारी मुसळधार पाऊस आला आणि कागद ओला. झाडाखाली गाडी लावणाऱ्यांनी मेअखेरीस ही जाळी साफ करायलाच हवी, पण माझा चोर तिथे नव्हता.

दुसरा रविवार पावसानेच खाल्ला. पाऊस पडत असताना पाइपची तपासणी करण्यात अर्थ नाही.

तिसऱ्या रविवारी उंबऱ्याच्या पत्र्यावरची प्लास्टिकची पट्टी उचलून पत्रा पुसला, पूर्ण वाळू दिला आणि त्यावर टाल्कम पावडर भुरभुरवली. दार बंद करून भाच्याने काचेवर धार धरली. तिसऱ्या मिनिटाला पांढऱ्या पावडरीतून एक बारीक ओघळ सरकत आला, मुंगी चालावी तसा. तो काचेच्या बाजूने येत नव्हता. दाराच्या आतल्या पॅडच्या पुढच्या खालच्या कोपऱ्यातून, स्पीकरच्या बरोबर खालून येत होता.

इथे एक गोष्ट मला ठाऊक नव्हती. दाराच्या पोटात पाणी शिरणं हा बिघाडच नाही. काचेच्या बाहेरच्या रबरी पट्टीतून थोडं पाणी नेहमीच आत उतरतं आणि दाराच्या तळाच्या भोकांतून बाहेर पडतं. ते केबिनमध्ये येऊ नये म्हणून पॅडच्या मागे प्लास्टिकचा एक पडदा काळ्या चिकट गोंदाने चिकटवलेला असतो. स्पीकर बदलायला किंवा काचेची मोटर दुरुस्त करायला हा पडदा सोडवावा लागतो. परत नीट चिकटवायला दहा मिनिटं लागतात, आणि ती दहा मिनिटं फार थोडे लोक देतात.

पॅड काढलं. हँडलच्या वाटीत दोन स्क्रू, लॉकच्या मागे एक, बाकी क्लिपा. आधीच्या मालकाने मोठे स्पीकर बसवून घेतले होते आणि बसवणाऱ्याने पडदा ब्लेडने गोल कापून भोवती खोक्यांवर लावतात ती तपकिरी टेप मारली होती. टेप सुटून वाळक्या केळीच्या सोपटासारखी लोंबत होती. त्यात भर म्हणजे दाराच्या तळाच्या तीन भोकांपैकी दोन, गंज लागू नये म्हणून मारलेल्या काळ्या कोटिंगने बुजलेली. जुनी गाडी घ्यायला जाल तेव्हा दार दोन-तीनदा उघडझाप करून कान द्या, पोटात पाणी असेल तर खळ्ळ आवाज येतो.

दुरुस्ती घरी झाली. भोकं झाडूच्या हिराने मोकळी केली. जुना गोंद रॉकेलने पुसून, जागा साबणाने धुऊन वाळवली. मे महिन्यात पडवीला लावायला आणतो तोच जाड प्लास्टिकचा कागद पडद्याच्या मापाने कापला आणि कडेने ब्युटाइल टेप, म्हणजे मऊ चिकट रबरी पट्टी, लावली. ही टेप सिलिकॉनसारखी घट्ट होत नाही, पुन्हा सोडवता येते, हा तिचा गुण. पडद्याची खालची कड पत्र्याच्या खाचेतून दाराच्या आत वळली पाहिजे, म्हणजे पाणी परत दारातच पडतं. बाहेरून नुसती चिकटवली तर पाणी कडेवर साचून गोंद सोडवतं. स्पीकरच्या डोक्यावरही त्याच कागदाचं छोटं छप्पर केलं. टेप आणि कागद मिळून चारशे रुपयांच्या आत.

सिलिकॉनबद्दल माझं मत आता वाईट आहे. व्हिनेगरसारखा वास येणारं स्वस्त सिलिकॉन पत्र्याला गंज धरायला मदत करतं, आणि खरी गळती शोधायच्या आधी ओढलेली प्रत्येक रेघ पुढच्या माणसाचा माग पुसते. काचेच्या कडेची रेघ खरवडताना माझी दोन नखं गेली.

तुमचं पाणी या दोन्ही वाटांचं नसेल तर

पूर्वी कधी पुढची काच बदललेली असेल तर सगळ्या काचा बंद करून, बाहेरची हवा आत घेणारी खटकी लावून पंखा पूर्ण सोडा आणि बाहेरून काचेच्या कडेला साबणाचं पाणी लावा. फट असेल तिथे फुगे येतात. हॉर्न, फॉगलॅम्प किंवा अलार्म नंतर बसवले असतील तर त्यांच्या वायरी जिथून आत येतात तिथलं रबरी बूच बघा. पाणी वायरीवरून चालत येतं, म्हणून आत शिरण्याआधी वायरीला खाली एक झोका द्यायचा, पाणी झोक्याच्या तळाशीच गळून जातं. आणि पाणी चिकट, रंगीत, गोडसर वासाचं असेल, काचेवर आतून तेलकट थर धरत असेल आणि कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) कमी होत असेल, तर पावसाला दोष देऊ नका, हीटरचा छोटा रेडिएटर फुटलाय. तिथे थांबायचं आणि गॅरेज गाठायचं. चव मात्र बघू नका, कूलंट विषारी असतं.

वाळवणं

गळती थांबली तरी वास गेला नव्हता, कारण वरून कोरड्या वाटणाऱ्या कार्पेटच्या खाली दोन बोटं जाड फोम असतो आणि तो महिनाभर पाणी धरून ठेवतो. मॅट काढून ऊन दाखवण्याने त्याला काही होत नाही. सीट काढावीच लागली. बॅटरीची वजा तार सोडून दहा मिनिटं थांबलो, मग चार बोल्ट. सीटखाली पिवळा प्लग किंवा पिवळी नळी दिसली तर ती एअरबॅगची वायर, तिला स्वतः हात लावू नका आणि वायर सुटी असताना चावी तर मुळीच फिरवू नका. आमच्या गाडीत फक्त सीटबेल्टचा साधा प्लग होता, त्याच्या पितळी टोकांवर हिरवट बुरशीसारखं चढलं होतं. सेंट्रल लॉक मधेच आपोआप उघडायचं ते कदाचित त्याच ओलीमुळे, कारण कार्पेटखालचे जोड साफ केल्यापासून थांबलंय.

सीटखाली शेंगांची टरफलं, एक केसाची पिन आणि पाच रुपयांचं नाणं निघालं. कार्पेटची कड उचलून खाली दोन विटा घातल्या आणि टेबलफॅन दोन रात्री चालवला. फोमखाली वर्तमानपत्रं कोंबून दर तीन तासांनी बदलली, पहिल्या फेरीचे कागद पिळता आले. ग्लोव्हबॉक्समागची हवेची गाळणी काळी आणि ओली होती, ती नवी घातली. आता घरी पोचायच्या दोन-तीन मिनिटं आधी एसी बंद करून नुसता पंखा चालू ठेवते, म्हणजे आतली जाळी ओली राहून आंबूस वास धरत नाही. पावसात आतल्या हवेवर फिरवणारी खटकी शक्यतो टाळते, ओली हवा आतच फिरली की काचा जास्त धुरकटतात.

जुलैअखेरपासून डाव्या बाजूचा कागद कोरडा आहे. अण्णा आता मोजे घालून बसतात. डिकीतल्या स्पेअर चाकाच्या खड्ड्यात मात्र गेल्या आठवड्यात वाटीभर पाणी सापडलं. डाव्या टेललॅम्पच्या मागचं रबर कडक झालेलं दिसतंय, पण या वेळी आधी टाल्कम पावडर.